मे महिन्यातल्या फांद्या

एप्रिल संपत आला की रायगडच्या सुधागड तालुक्यात दोन तऱ्हांचा धूर दिसतो. पहिला शेतातला. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीच्या टहाळ्या, वर गवत आणि पातेरा, शेवटी मातीचा हात, असं रचून ते भाजतात. हा राब. दुसरा धूर घरामागचा. तालुक्याचं ठिकाण असलेल्या पालीच्या जुन्या आळ्यांतून अजून परसं टिकून आहेत. त्यांत एखादा रायवळ आंबा, दोन-चार माड, शेवगा, कढीपत्ता, देवाच्या फुलांसाठी जास्वंद आणि कुंपणाला मेंदी नाहीतर गिरिपुष्प. पावसाआधी हे सगळं छाटावंच लागतं. कौलांवर टेकलेली फांदी जूनच्या वाऱ्यात कौलं सरकवते आणि तारांवर लोंबणारी झावळी अख्ख्या आळीची लाईट घालवते. छाटलेल्याचा ढीग कोपऱ्यात साचतो, आठ-दहा दिवसांत वाळतो आणि एका संध्याकाळी त्याला काडी लागते.

शेतातल्या धुरामागे निदान काही हिशेब आहे. भाजल्याने तणाचं बी मरतं, वरची माती भुसभुशीत होते, राखेतलं पोटॅश कोवळ्या रोपांना मिळतं. हा हिशेब शेतकऱ्याला इतका मोलाचा वाटे की इंग्रज सरकारने जंगलं राखीव करायला सुरुवात केल्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ्या तोडण्याचा, म्हणजे कवळतोडीचा, हक्क हा मोठा तंटा झाला. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनपुढे आलेल्या गाऱ्हाण्यांत राबाचं गाऱ्हाणं अगदी वरचं होतं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. याच जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवलं. त्यात कायमच्या गादीवाफ्यांवर बी थेट टोकतात, रोपवाटिका करायचीच नसते, त्यामुळे राबही लागत नाही. म्हणजे शेतातला धूरसुद्धा अटळ राहिलेला नाही. घरामागच्या धुराला तर कधीच काही हिशेब नव्हता. ढीग नजरेआड करायचा, एवढाच त्याचा हेतू.

आजीच्या काळात हा ढीग साचतच नसे. जाड फांदी चुलीत जाई, तिच्या ढलप्या बंबात. झावळ्यांचे झाप विणून पावसाच्या तोंडाला झड बांधत, हिरांचे खराटे होत, उरलंसुरलं भात शिजवायला पेटवण म्हणून लागे. पोफळीच्या विरीवर बसवून पोरांना अंगणभर ओढत. मग गॅस आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर तो वाड्या-पाड्यांतही पोचला. बाईच्या डोळ्यांतला धूर गेला हे उत्तमच झालं, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण परसातल्या फांदीचं गिऱ्हाईक त्याबरोबर गेलं. पत्रे आले, प्लास्टिकचे कागद आले, तशी झावळीही बेकार झाली. झाडं मात्र पूर्वीसारखीच वाढत राहिली.

आता जाळायचं म्हटलं तर कायदा आडवा येतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० तर मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला. पाली आता ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे. घंटागाडी दारात येते, पण ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी. आंब्याची अख्खी फांदी तिच्यात मावायची नाही.

इथे एक छोटं विजेचं यंत्र उपयोगी पडतं. दुकानात त्याला गार्डन श्रेडर किंवा चिपर म्हणतात. गोठा असलेल्या घराला ते समजावून सांगावं लागत नाही, कारण कडबाकुट्टी ठाऊक असते. वरून फांदी घालायची, खालून तुकडे पडतात. लाकडाचा चुरा करणारं पहिलं यंत्र जर्मनीतल्या पेटर येन्सनने १८८४ मध्ये बनवल्याचं सांगतात. आज कागदगिरण्यांसाठी याची राक्षसी भावंडं आहेत. आपल्याला हवं ते खुर्चीएवढं, दोन चाकांचं, एका माणसाने ओढत परसात नेता येईल असं.

यात दोन जाती आहेत आणि विकत घेण्याआधी त्यांतला फरक कळलेला बरा. पहिलीत एक लोखंडी तबकडी मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी फिरते आणि तिच्यावरच्या दोन पात्या फांदीच्या चकत्या उडवतात. हिचा वेग चांगला, कोवळ्या पाल्यालाही ती फाडते, पण आवाज कानठळ्या बसवणारा. दुसरीत दातेरी रूळ असतो. तो मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे घेतो, फांदी स्वतःच आत ओढतो आणि एका धातूच्या पट्टीवर दाबून चिरडतो. ही जात शांत आणि सावकाश. फांदी अडकली तर बटण उलट फिरवून रूळ मागे घेता येतो. आळीत घराला घर चिकटून असेल तर ही दुसरी घ्यावी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे हे २००० सालच्या ध्वनिनियमांत लिहिलेलं आहे. दुपारी दोन वाजता तबकडीचं यंत्र लावणाऱ्याला नियम दाखवायची गरज पडत नाही, शेजारच्या काकू पुरेशा असतात.

रुळाच्या यंत्रातून पडलेला आंब्याचा तुकडा हातात घेऊन पाहावा. तो कापलेला नसतो. दर बोटभर अंतरावर दाबला गेलेला, साल दोन्ही बाजूंनी तडकलेली, आतले पांढरट धागे उघडे, आणि दोन तुकडे बऱ्याचदा एकाच धाग्याने जोडलेले. दिसायला गबाळा, पण कुजायला फार चांगला. बुरशीला आत शिरायला शंभर दारं मिळालेली असतात. हे धागे फारच लांब राहू लागले, तुकडे सुटेनासे झाले, की पट्टी झिजली असं समजायचं. यंत्र चालू ठेवून बाजूचा स्क्रू अगदी केसभर फिरवत जायचा. पट्टीचा ॲल्युमिनियमचा बारीक चमकदार कीस खाली पडू लागला की थांबायचं. त्यापुढे फिरवलं तर फुकट पट्टी खाल्ली जाते.

डब्यावर २,५०० वॉट लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत ‘एस ६, ४० टक्के’ किंवा ‘पी ४०’ असं काहीतरी असतं, ते कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा की दहा मिनिटांत चार मिनिटं पूर्ण भार आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं, या हिशेबाने ती ताकद मोजलेली आहे. माणूस फांदी उचलतो, आडव्या काड्या कोयत्याने छाटतो, मग आत सारतो. एवढ्या वेळात ही सहा मिनिटं आपोआप मिळतात. दोघांनी मिळून एकामागून एक फांद्या कोंबल्या की मोटर तापून बंद पडते आणि दोष यंत्राला जातो.

वायरीचं त्याहून वाईट. २,५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साधारण ११ अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला हे झेपणार नाही, सोळाचा पॉवर प्लगच हवा. परस घरापासून लांब असतं, म्हणून मंडपवाल्याकडची पातळ वायर जोडली जाते. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पंचवीस मीटर नेली की जाऊन-येऊन पन्नास मीटर होतात आणि वाटेतच तेरा-चौदा व्होल्ट गळतात. तेवढ्या वायरीत दीडशे वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि वायर वेटोळ्यात गुंडाळलेलीच ठेवली असेल तर ती वितळायला वेळ लागत नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती चार व्होल्टवर येते. त्यात मे महिन्याच्या दुपारी मुळातच व्होल्टेज दोनशेवर आलेलं असतं. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० चे २०० झाले की जोर पाऊण पटीवर येतो. सकाळी जी फांदी सहज जात होती ती दुपारी अडकते, याचं कारण फांदीत शोधू नये. सकाळी आठ-नऊला काम उरकावं. ऊनही कमी असतं.

वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणं हा खर्च यंत्राच्याच किमतीत धरावा. परसात जमीन ओली असते, पायात स्लिपर असते आणि हातात हिरवी फांदी. लाईट गेली तर आधी प्लग काढायचा. बऱ्या यंत्राला असं बटण असतं की वीज परत आली तरी ते आपणहून सुरू होत नाही. घेताना दुकानात प्लग काढून-घालून हे तपासून घ्यावं. अडकलेला तुकडा बघायला डोकावलेलं असताना लाईट आली, तर दैवावर भिस्त ठेवण्याची वेळ येऊ नये. पदर, ओढणी, खांद्यावरचं उपरणं, मनगटातला दोरा हे सगळं यंत्रापासून दूर. डोळ्यांना चष्मा, आणि फांदी आत ढकलायला दुसरी फांदी. हात नाही.

यंत्र विजेवरच चालतं, या मर्यादेची मोठी परीक्षा ३ जून २०२० ला झाली. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडच्या पोफळी आणि माड रांगेने आडवे झाले. ज्या दिवसांत फांद्यांचे डोंगर साचले त्याच दिवसांत विजेचे खांबही पडलेले होते आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तिथे चालल्या त्या पेट्रोलच्या करवती, कोयते आणि माणसांचे हात. उन्मळलेला आंबा हा या यंत्राचा घासच नव्हे. घरगुती यंत्र चार सेंटीमीटर जाडीपर्यंतची फांदी घेतं, आणि डब्यावर पंचेचाळीस मिलिमीटर लिहिलं असेल तर चाळिसाच्या पुढे जाऊ नये.

पण जाडीची ही मर्यादा आपल्या पथ्यावर पडते. झाडाचा खरा कस जाड बुंध्यात नसतो. तिथे बहुतेक सगळा कर्बच, नत्र नाममात्र. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम हे सालीत, कळ्यांत आणि अंगठ्याएवढ्या काड्यांत दाटलेलं असतं, कारण वाढ तिथे चालू असते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये लावाल विद्यापीठाच्या वनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर काम केलं. सात सेंटीमीटरपेक्षा बारीक फांद्यांचा चुरा जमिनीवर पसरला तर माती सुधारते, जाड लाकडाच्या चुऱ्याने तसं होत नाही, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडे शेतकऱ्याने राबासाठी ऐनाचा सोट कधी तोडला नाही, टहाळ्याच तोडल्या. यंत्राच्या तोंडात जे मावतं तेच मातीला सगळ्यात जास्त हवं असतं. त्याहून जाड असेल ते बंबासाठी ठेवावं, नाहीतर कुंपणालगत रचून द्यावं. आणि फांदी छाटणं वेगळं, झाड तोडणं वेगळं. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या परसातलं असलं तरी परवानगी लागते.

काय घालावं आणि काय घालू नये, हे पुस्तिकेत युरोपातल्या झाडांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. कोकणातल्या परसाचं वेगळं आहे. आंबा, पेरू, चिकू, कढीपत्ता, मेंदी, निरगुडी, अडुळसा उत्तम. ताजी छाटलेलीच घालावीत. महिनाभर वाळलेली पेरूची फांदी पात्यांची धार उतरवते. गिरिपुष्प तर सोन्यासारखं. पाल्यात नत्र भरपूर, काडी मऊ, आणि लांब दांडके टाकून दिले तर जिथे पडतील तिथे फुटतात, ती भीतीही तुकडे केल्यावर उरत नाही. जास्वंदीची साल मात्र दोरासारखी सोलत जाते आणि रुळाला गुंडाळते, म्हणून ती वीतभर तुकडे करून, मध्ये मध्ये पेरूच्या कडक काड्या घालत सारावी. शेवग्याचा नुसता लगदा होतो. केळीचा खांब आणि विरी यांच्या वाटेला जाऊच नये. झावळीचा मधला दांडा जाड असल्याने जात नाही, पात्या सोलून घातल्या तर हीर अडकतात. नारळाला महिन्याकाठी साधारण एक नवी झावळी येते आणि तेवढ्याच गळतात, त्यामुळे हा प्रश्न लहान नाही. त्यावर कासारगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने गांडुळांचा उपाय दिला आहे: पावसात भिजून मऊ पडलेली पानं दहा भाग, शेण एक भाग. झावळीला यंत्रापेक्षा गांडूळ बरं.

आंब्याच्या चिकाबद्दल दोन शब्द. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काहींच्या अंगावर आंब्याच्या चिकानेही फोड उठतात, आणि तबकडीचं यंत्र हा चीक तुषारासारखा उडवतं. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पात्यांवर चीक बसला तर प्लग काढून, फणस कापताना कोयत्याला लावतात तसं खोबरेल चोळून पुसावं. कण्हेर विषारी, तिचा उडता चुरा नाकातोंडात नको. आणि कुंपणावरची वेल ओढून सरसकट कोंबणाऱ्यांनी आधी तिच्या शेंगा बघाव्यात. खाजकुयली यंत्रात गेली तर त्या दिवसाची हकिगत आळीत वर्षभर सांगितली जाईल.

ढीग उचलताना थेट हात घालू नये. रायगडच्या दगडगोट्यांत आणि पातेऱ्यात फुरसं असतं, रंग अगदी वाळक्या पानासारखा. आकडीने फांदी बाहेर ओढायची, मग उचलायची.

आता तुकडे झाले. पुष्कळांचा समज असा की यंत्रातून निघालं ते खत. तसं नाही, यंत्राने फक्त वेळ वाचवला. किती वाचवला त्याचा साधा हिशेब मांडता येतो. तीन सेंटीमीटर जाडीच्या मीटरभर फांदीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण ०.१ चौरस मीटर. तिच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या केल्या तर तो जवळजवळ चौपट होतो. पण चौपटीपेक्षा मोठी गोष्ट अशी की पहिला पृष्ठभाग जवळजवळ सगळा सालीचा होता, बुरशीला बाहेर ठेवण्यासाठीच झाडाने बनवलेला. नवीन तीन भाग उघड्या लाकडाचे आहेत.

तरीही नुसतं लाकूड कुजायला रडतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं हवं असतं. लाकडात ते तीनशेला एक किंवा त्याहून जास्त, वाळक्या पानांत पन्नास-साठला एक, शेणात वीस-पंचविसाला एक. म्हणून तुकड्यांवर शेणकाला ओतायचा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि हिरवा गिरिपुष्पाचा पाला थरांत घालायचा. पालीत गोठे अजून आहेत, शेण विकत मिळतं. ढीग कमरेएवढा उंच झाला तरच आतून तापतो, आणि पंचावन्न-साठ अंश चढला तर रानमोडी आणि घाणेरीचं बीही मरतं. घमेलंभर तुकड्यांचा ढीग कधीच तापत नाही. तसाच आणखी एक घोटाळा टाळावा: ताजे तुकडे मातीत मिसळू नयेत. मिसळले तर कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतूनच उचलतात आणि वर लावलेली मिरची पिवळी पडते. तेच तुकडे मातीवर नुसते पसरले तर ही ओढाताण वरच्या बोटभर थरात राहते, मुळांपर्यंत पोचत नाही.

पुण्या-नाशिकच्या बागेत इथेच प्रकरण संपलं असतं. पालीत पाऊस आहे. सुधागडात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी पडतं. मे अखेरीला जाळलेल्या ढिगाची राख जूनच्या पहिल्या आठवड्यात पऱ्ह्यातून अंबा नदीला मिळते. तिच्यातलं पोटॅश पाण्यात सहज विरघळणारं, आणि नत्र तर धुरातच गेलेलं. उघड्यावर पसरलेल्या तुकड्यांचीही तीच गत, ते तरंगत गटाराच्या जाळीला जाऊन अडकतात. तेव्हा मे महिन्यात केलेले तुकडे मे महिन्यात वापरायचे नाहीत. विटांच्या किंवा जाळीच्या चौकटीत रचायचे, खाली जाड काटक्यांची हवेशीर बैठक करायची, वर ताडपत्री किंवा दोन झाप टाकायचे, आणि पाऊस बाहेर पडत असताना आत बुरशीला काम करू द्यायचं. श्रावणात झाप उचलून पाहिलं तर पांढरे धागे तुकड्या-तुकड्याला शिवून टाकलेले दिसतात. ऑक्टोबरात पाऊस सरला, हवा कोरडी झाली आणि ओल उडू लागली की त्याच वेळी हे अर्धकच्चं, काळपट आच्छादन माडाच्या आणि आंब्याच्या आळ्यात घालायचं. उन्हाळ्याला पाणी राखून ठेवण्याची गरज तेव्हाच सुरू होते.

या चार महिन्यांत एक पाहुणा येतो. गेंड्या भुंगा. नारळाचा कोंब पोखरतो, पानं कात्रीने कापल्यासारखी पंख्यागत उघडतात, तो हाच. अंडी घालायला त्याला कुजणारा उकिरडा, शेणखताचा खड्डा, सडकं खोड लागतं, आणि आपण त्याच्यासाठी माडापासून दहा पावलांवर उत्तम बाळंतघर बांधून ठेवलेलं असतं. म्हणून महिन्यातून एकदा ढीग तळापासून वरखाली करावा. करंगळीहून जाड, वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या सापडतील त्या वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात. कोंबड्या मागे काही ठेवत नाहीत. ढीग मोठा असेल तर मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, ती कालवावी. ही बुरशी अळीला रोग लावते, नारळाला नाही. जे हा त्रास घेणार नाहीत त्यांनी माडाजवळ ढीग करूच नये. तुकडे कोरडे ठेवून सरळ वाटेवर पसरावेत. लाल चिखलाच्या पायवाटेवर बोटभर थर टाकला तर निदान घरात चिखल येत नाही.

घराच्या भिंतीला टेकून मात्र तुकड्यांचा थर नको. जुन्या घरांच्या चौकटी, खांब, तुळया सागाच्या असल्या तरी वाळवीला वाट दाखवायचं कारण नाही. हातभर जागा कोरी सोडावी. झाडाच्या बुंध्यालाही आच्छादन चिकटवू नये, वीतभर अंतर ठेवावं. नाहीतर साल सतत ओली राहून कुजते.

शेवटी हिशेब किती पुरतो याचा. माडाचं आळं बुंध्यापासून एक मीटर ऐंशी सेंटीमीटरपर्यंत धरलं तर दहा चौरस मीटरचं होतं. त्यावर पाच सेंटीमीटर थर म्हणजे अर्धा घनमीटर तुकडे, दहा लिटरच्या घमेल्याने मोजले तर पन्नास घमेली. मध्यम परसाच्या पावसाआधीच्या छाटणीतून एवढंच, फार तर याच्या दुप्पट निघतं, आणि पावसाळ्यात ते खचून आणखी कमी होतं. चार माड आणि एक आंबा असलेल्या घराने सगळ्यांना वाटायला घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला शिंपडण्यापुरतंच येईल. जुन्या माडांना राहू द्यावं. त्यांची मुळं लांब गेलेली असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत लावलेल्या रोपांची लहान आळी आधी भरावीत, मग उरलं तर पुढचं.

आणि उरणार नाहीच. विजेचा खर्च तासाला फार तर अडीच युनिट, यंत्र वर्षातून चार-सहा दिवसांच्या कामाचं, बाकी वेळ पडवीत कापडाखाली. एकट्याने घेण्यापेक्षा आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून घेतलेलं बरं. पात्यांना धार लावायचा खर्च ज्याच्याकडे यंत्र राहील त्याने द्यायचा, हे आधीच बोलून ठेवावं. मग मे महिन्यात शेजारच्या परसात ढीग दिसला की तो पेटायच्या आत जाऊन मागता येतो.